घाण ठरण्यासाठी केलेला अर्ज

डिसेंबर 2020 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या इल्क्ली या गावाला एक बातमी कळली. गावातून वाहणाऱ्या व्हार्फ नदीचा एक पट्टा सरकारने ‘आंघोळीचं पाणी’ म्हणून अधिकृतपणे जाहीर केला होता. इंग्लंडमध्ये हा दर्जा शेकडो समुद्रकिनाऱ्यांना आहे, काही तळ्यांनाही आहे. वाहत्या नदीला मात्र तोवर तो एकदाही मिळाला नव्हता. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्याच पट्ट्याचा पहिला निकाल लागला: प्रतवारी ‘पुअर’, म्हणजे सर्वांत खालची. पाण्यात उतरू नये असा सल्ला.

गंमत अशी, की ज्या गावकऱ्यांनी या दर्जासाठी खटपट केली, त्यांना हा निकाल आधीच ठाऊक होता. त्यांनी स्वतः बाटल्या भरून, प्रयोगशाळेत पाठवून तो काढून ठेवला होता. नदी कागदोपत्री नापास व्हावी म्हणूनच त्यांनी तिला परीक्षेला बसवलं होतं.

नदीसाठी स्वयंसेवक म्हणून काम करणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रविवार सकाळ येते. हातमोजे, गोणी, घाटाच्या पायऱ्यांवर साचलेलं निर्माल्य, शेवटी भरलेल्या गोण्यांच्या ढिगाशेजारी एक फोटो. मी या कामाला हसत नाही, मीही त्या फोटोंत असतो. पण पुढच्या रविवारी तेच प्लास्टिक त्याच खडकाला अडकलेलं दिसतं, आणि पाण्याचा वास तर गोणीत भरता येतच नाही. इल्क्लीच्या लोकांनी वेगळी वाट धरली, ती कुठवर गेली आणि कुठे अडली, हे म्हणूनच नीट पाहण्यासारखं आहे.

पाण्याच्या नावावर जगलेलं गाव

व्हार्फ ही यॉर्कशर डेल्सच्या डोंगराळ कुरणांत उगम पावणारी, शंभरेक किलोमीटर लांबीची नदी. ग्रासिंग्टन, बर्नसॉल, अ‍ॅडिंगहॅम ही खेडी ओलांडून ती इल्क्लीला येते आणि पुढे ओटली, वेदरबी करत ऊझ नदीला मिळते. आपल्या हिशेबाने हा ओढ्याचा मोठा भाऊ. पण वर सगळा माळ असल्यामुळे पाऊस पडला की काही तासांत फुगते.

इल्क्लीची ओळखच पाण्याची. एकोणिसाव्या शतकात थंड पाण्याचे उपचार घ्यायला लोक इथे येऊन राहत. 1859 च्या नोव्हेंबरात चार्ल्स डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ लंडनमध्ये बाहेर पडला, तेव्हा लेखक इल्क्लीच्या एका जलोपचार केंद्रात प्रकृती सुधारत बसला होता. 1935 साली गावाने उघड्यावरचा मोठा पोहण्याचा तलाव बांधला, तो आजही चालू आहे. उन्हाळ्यात मुलंबाळं घेऊन नदीकाठच्या गोट्यांवर डबे उघडून बसणं, पाण्यात डुंबणं, हे इथे कुणी शिकवावं लागत नाही.

त्या गोट्यांमध्येच लोकांना वेट वाइप्स आणि टॉयलेट पेपरच्या चिंध्या दिसायला लागल्या. 2018 च्या सुमारास काही रहिवासी एकत्र आले आणि इल्क्ली क्लीन रिव्हर ग्रुप नावाचा गट उभा राहिला. मैलापाणी नदीत येतंय हे उघड होतं. गावाबाहेर यॉर्कशर वॉटर या पाणी कंपनीचं अ‍ॅशलँड्सचं मैलाशुद्धीकरण केंद्र आहे, आणि जोराचा पाऊस झाला की वाहिन्यांतलं जास्तीचं पाणी सरळ नदीत सोडणारी तोंडं आहेत. तिकडे त्यांना स्टॉर्म ओव्हरफ्लो म्हणतात.

हे ओव्हरफ्लो म्हणजे चोरी नव्हे, हे आधी समजून घ्यायला हवं. ब्रिटनमधल्या जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि संडासाचं पाणी एकाच नळातून वाहतं. धो-धो पाऊस आला की नळ तुंबतो. मैला लोकांच्या मोरीतून उलटा वर यायला नको, म्हणून व्हिक्टोरियन काळापासून नळाला सुटकेची वाट ठेवलेली आहे. अपवादात्मक पावसात ती उघडावी, असं परवाना सांगतो. प्रत्यक्षात काय चालतं? 2020 या एका वर्षात इंग्लंडभरात अशी तोंडं 4,03,171 वेळा वाहिल्याची नोंद झाली, आणि तेव्हा सगळ्या तोंडांवर मोजणीयंत्रं बसलेलीही नव्हती. अपवाद चार लाख वेळा घडत असेल, तर त्याला अपवाद म्हणायला भाषेचं मन मोठं असावं लागतं.

जे केंद्र नियमात आहे, तेही घाण करतं

इथवरची गोष्ट कुठल्याही नदीची आहे. तक्रार करा, मोर्चा काढा, कंपनीला जाब विचारा. या गटाच्या ध्यानात जी गोष्ट आली ती मात्र मला या प्रकरणाचं मूळ वाटते.

मैलाशुद्धीकरण केंद्र काय करतं? गाळ खाली बसवतं, मग हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना उरलेली घाण खायला घालतं, आणि निवळलेलं पाणी नदीत सोडतं. परवान्यात त्या पाण्यासाठी बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचं माप), तरंगते कण, अमोनिया यांच्या मर्यादा असतात. मासे जगावेत, प्राणवायू संपू नये, एवढी त्यामागची काळजी. माणसाच्या आतड्यातले जिवाणू मारणं त्या कामात येतच नाही. निवळलेलं, दिसायला स्वच्छ, सगळ्या मर्यादांत बसणारं पाणी घेतलं, तरी त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये हजारो, कधी लाखो ई-कोलाय, म्हणजे तेच आतड्यातले जिवाणू, सापडू शकतात. ते मारायचे तर शेवटी अतिनील किरणांची किंवा तशी आणखी एक पायरी लागते, आणि तिचा खर्च कुणी हौसेने करत नाही. ब्रिटनमध्ये ती पायरी प्रामुख्याने तिथेच बसवली जाते, जिथे खालच्या अंगाला आंघोळीचा किनारा असतो किंवा शिंपल्यांची शेती असते.

म्हणजे कंपनीने उद्यापासून एकही नियम मोडला नाही, तरी मुलं त्याच पाण्यात डुंबणार होती. नियम मोडल्याची तक्रार करून काही साधणार नव्हतं. नदीला लागू असलेले नियमच बदलायला हवे होते.

नवा कायदा आणणं गावाच्या आवाक्यातलं नव्हतं. जुना मात्र होता. युरोपीय संघाने 2006 साली आंघोळीच्या पाण्याबद्दल एक निर्देश काढला होता आणि इंग्लंडने 2013 मध्ये त्याचे नियम केले होते. एखाद्या ठिकाणी पुष्कळ लोक पोहतात हे दाखवून दिलं, की ते ठिकाण यादीत घालता येतं. एकदा यादीत गेलं, की दरवर्षी 15 मे ते 30 सप्टेंबर या हंगामात सरकारच्या पर्यावरण यंत्रणेला नमुने घ्यावेच लागतात, निकाल जाहीर करावा लागतो, पाण्यापाशी फलक लावावा लागतो, आणि प्रत खराब आली तर कारण शोधून उपाय करावे लागतात. किनाऱ्यावरची हॉटेलं आणि पर्यटन यांच्या दबावाने या आणि याच्या आधीच्या अशाच नियमांनी ब्रिटनचे समुद्रकिनारे पुष्कळ सुधारले होते. नदीसाठी तो वापरायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, इतकंच.

बाटली बुडवण्याचं शास्त्र

अर्ज करायचा तर दोन गोष्टी लागतात. लोक खरंच पोहतात याचा पुरावा, म्हणजे काठावर बसून केलेली डोकेमोजणी. आणि पाणी तपासण्यालायक आहे, म्हणजे घाण आहे, हे सांगणारे आकडे. दुसरी गोष्ट कायद्याने सक्तीची नव्हती, पण आकड्यांशिवाय मंत्रालयाशी, कंपनीशी किंवा शेजाऱ्याशीही बोलता येत नाही.

ई-कोलायचा नमुना घेणं सोपं दिसतं, पण बिघडवणं त्याहून सोपं आहे. निर्जंतुक बाटली. पाण्यात उतरून तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, म्हणजे आपल्या पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत जात नाही; त्या गाळात जिवाणू दबा धरून असतात. बाटली पृष्ठभागाखाली नेऊन भरायची, झाकणाच्या आत बोट लागू द्यायचं नाही. मग बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना. सोबत वहीत वेळ, हवा, पाण्याची पातळी आणि आदल्या दोन-तीन दिवसांचा पाऊस. हा शेवटचा रकाना बहुतेक हौशी गट विसरतात आणि तिथेच त्यांचे आकडे कोर्टात काय, चहाच्या टपरीवरही टिकत नाहीत. कारण ई-कोलायची संख्या एकाच ठिकाणी एकाच आठवड्यात दसपट वर-खाली होते. कडक उन्हात ते मरतात, पावसानंतर उसळतात. एका बाटलीतून काहीच सिद्ध होत नाही, सुदिनी पाणी निर्मळ आणि दुर्दिनी ते विष. कोरड्या दिवशी आणि ओल्या दिवशी, केंद्राच्या वर आणि केंद्राच्या खाली, पुन्हा पुन्हा, त्याच जागी घेतलेल्या बाटल्याच बोलतात. कोरड्या दिवसांतही केंद्राच्या खालच्या अंगाला आकडा चढलेला दिसला, तर ‘पाऊस होता हो’ ही सबब गळून पडते.

2020 च्या ऑगस्टमध्ये याच्याही पुढची उडी घेतली गेली. आयव्हार्फ नावाच्या उपक्रमात स्वयंसेवकांनी एकाच दिवशी नदीच्या डोंगरातल्या वरच्या टोकापासून थेट खालपर्यंत, डझनावारी ठिकाणी नमुने घेतले. एकाच दिवशी, म्हणजे हवा आणि पाऊस सगळीकडे सारखा, आणि फरक दिसला तर तो जागेचाच. त्यातून नदीचा एक आलेखच तयार झाला. गावोगावच्या केंद्रांखाली कुठे आकडा उंचावतो, छोटे ओहोळ काय घेऊन येतात, हे त्यात दिसलं. गायी-मेंढ्यांचा वाटाही दिसला. घाणीचा धनी एकटी कंपनी नाही, हे गटाने लपवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. चळवळीच्या उत्साहात अशी माहिती टेबलाखाली सरकवण्याचा मोह होतो.

या कामाचं नेतृत्व करणाऱ्यांत रिक बॅटरबी होते, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले निवृत्त प्राध्यापक. आम्लपावसाने तळी कशी बदलली हे तळ्यांच्या गाळातल्या सूक्ष्म शैवालांवरून दाखवून देणाऱ्यांत त्यांचं नाव आघाडीवर आहे. जगभर नाव असलेला जलशास्त्रज्ञ ज्या नदीखोऱ्यात निवृत्त आयुष्य घालवतो, तिथल्या स्वयंसेवकांचं नशीब थोरच म्हणायचं. इल्क्ली हे सुखवस्तू गाव आहे. प्रयोगशाळेची बिलं भरायला, कायदे वाचायला, मंत्रालयाच्या पत्रांना त्याच भाषेत उत्तर द्यायला तिथे माणसं होती. हे प्रकरण ‘सामान्य माणसाची ताकद’ म्हणून सांगितलं जातं, त्यात हा तपशील गाळला जातो.

पास-नापासचं गणित

दर्जा मिळाल्यावर 2021 च्या मे महिन्यात सरकारी नमुने सुरू झाले. जागा ठरली गावातल्या क्रॉमव्हीलपाशी, हंगामात वीस नमुने.

प्रतवारीचं गणित गमतीदार आहे. नदी-तळ्यांसाठी 100 मिलिलिटरमागे ई-कोलाय 500 पर्यंत असेल तर ‘उत्तम’, 1000 पर्यंत ‘चांगलं’ आणि 900 पर्यंत ‘पुरेसं’. छापताना आकडे उलटसुलट झाले असं वाटेल, पण तसं नाही. पहिल्या दोन प्रतींसाठी शंभरातल्या पंचाण्णव वेळा पाणी मर्यादेत असावं लागतं, तिसरीसाठी नव्वद वेळा पुरतं. याच्या जोडीला एन्टरोकोकाय नावाच्या आतड्यातल्या दुसऱ्या जिवाणूंच्या मर्यादा आहेत, आणि दोन्हींत जी प्रत खालची तीच धरली जाते. म्हणजे सरासरी काढून सुटका नाही. पावसानंतरचे चार-दोन वाईट दिवस अख्ख्या हंगामावर पाणी फिरवू शकतात. कायद्याची ही खोच मला फार आवडते. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत वार्षिक सरासरी पुढे केली जाते आणि वाईट दिवस तिच्या पदराआड जातो.

व्हार्फ 2021 ला नापास झाली. 2022 ला, 2023 ला आणि 2024 लाही.

मग मिळालं काय? नदी सुधारली का, असं विचाराल तर उत्तर आहे: प्रतवारीपुरतं तरी नाही. पण 2020 पूर्वी ही घाण कुणाच्याच खात्यावर नव्हती, आता ती होती. यॉर्कशर वॉटरला इल्क्लीतले ओव्हरफ्लो कमी करण्यासाठी मोठ्या सांडपाणी वाहिनीचं काम हाती घ्यावं लागलं. 2021 च्या नोव्हेंबरात देशभरच्या पाणी कंपन्यांची चौकशी सुरू झाली आणि मार्च 2025 मध्ये याच कंपनीबाबत पाणी नियामकाने सुमारे 4 कोटी पौंडांचा दंडवजा तोडगा मान्य करून घेतला. त्याचं श्रेय एकट्या इल्क्लीला देणं चूक ठरेल. पण नद्यांतलं मैलापाणी हा इंग्लंडमध्ये निवडणुकीचा विषय झाला, त्या वातावरणात या गावाचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. 2022 मध्ये ऑक्सफर्डजवळच्या एका प्रवाहाला हाच दर्जा मिळाला, आणि 2024 मध्ये एकदम 27 नवी ठिकाणं यादीत आली, त्यांत बऱ्याच नद्या.

दोन खड्डे

पहिला खड्डा नैतिक आहे. सरकारने ‘आंघोळीचं पाणी’ असं नाव दिलं की बाहेरगावचा माणूस ते नाव वाचून पाण्यात उतरतो, खालची बारीक सूचना वाचत नाही. घाण आहे हे ठाऊक असताना तिला न्हाणीघराची पाटी लावायची, हा धोकाच. गटाचं म्हणणं, लोक पाटी नसतानाही उतरतच होते, आता निदान त्यांना आकडा तरी कळतो. मला हे पटतं. पण पोटात जंतू घेऊन घरी गेलेल्या पोराच्या आईला ते पटेलच असं नाही.

दुसरा खड्डा कायद्यातच खणलेला होता. सलग पाच वर्षं ‘पुअर’ आलं तर ठिकाण यादीतून आपोआप बाद, कायमचा ‘पोहू नका’ फलक, आणि नमुने बंद. म्हणजे ज्या नदीला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तिचीच तपासणी थांबणार. इल्क्लीसाठी घड्याळ 2021 पासून टिकटिक करत होतं आणि जमिनीखालची वाहिनी काही पाच वर्षांच्या हिशेबाने खोदली जात नाही. मार्च 2025 मध्ये सरकारने ही आपोआप बाद करण्याची तरतूद काढून टाकणार असल्याचं सांगितलं. हरणाऱ्यालाच मैदानाबाहेर काढणारा हा नियम मुळात कुणी आणि काय विचार करून लिहिला असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि आपण

तुलना करायची तर जपून करायला हवी. भारतातही आंघोळीच्या पाण्याचे निकष आहेत: बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला प्राणवायू किमान 5, आणि 100 मिलिलिटरमागे फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, 500 असावेत, फार तर 2500. आपण फीकल कोलिफॉर्म मोजतो आणि इंग्लंडवाले ई-कोलाय मोजतात, मोजायची रीतही वेगळी, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून टाळ्या किंवा शिव्या देऊ नयेत.

मोजणीही आपल्याकडे होते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीनदीवर ठरलेल्या जागी नमुने घेतं. केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातल्या 351 प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी 53 महाराष्ट्रातले होते, 2022 च्या यादीत 311 पैकी 55. दोन्ही वेळा आपलं राज्य पहिलं. इल्क्लीला जो ‘नापास’ शेरा खटपट करून मिळवावा लागला, तो आपल्याला आयता मिळालेला आहे. डोकेमोजणीचीही गरज नाही. नाशिकच्या रामकुंडावर किंवा पंढरपूरच्या वाळवंटात लोक स्नान करतात हे सिद्ध करायला कुणी टाचण काढणार नाही. आपल्याकडे तुटलेला दुवा पुढचा आहे. शेरा मिळाल्यावर घाटावर आजच्या पाण्याची पाटी लागत नाही, आणि खालच्या अंगाला लोक स्नान करतात म्हणून वरच्या केंद्राला जिवाणू मारायची पायरी घाला, असं घाटाचं नाव घेऊन कुणी मागत नाही. कुंभ आला की चर्चा होते. 2025 च्या प्रयागराजच्या कुंभात केंद्रीय मंडळाने हरित लवादाला दिलेल्या अहवालात अनेक ठिकाणचं पाणी फीकल कोलिफॉर्मच्या निकषात बसत नसल्याचं म्हटलं, काही दिवस वाद झाला, पर्वणी संपली, वादही संपला. नाशिकचा सिंहस्थ आता 2027 मध्ये आहे.

आणखी एक अडचण. आपल्या 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात पुरावा म्हणून चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. स्वयंसेवकाची बाटली कोर्टात उभी राहत नाही. पण कुठे, कधी, कुठल्या वाऱ्या-पावसात अधिकाऱ्याने बाटली बुडवावी, हे ती सांगू शकते, आणि माहितीच्या अधिकारात काय मागायचं हेही तिच्यामुळे कळतं. इल्क्लीतही शेवटी सरकारी बाटलीच मोजली गेली. गावकऱ्यांच्या बाटल्यांनी फक्त तिची जागा दाखवली.

ती एकच जागा, हाही त्या प्रकरणातला एक कच्चा दुवा होता. क्रॉमव्हीलला आलेली घाण गावातली किती आणि वरून वाहत आलेली किती, हे एका ठिकाणच्या वीस बाटल्या सांगू शकत नाहीत. 2024 च्या नव्या यादीत व्हार्फवरची आणखी दोन ठिकाणं आहेत: इल्क्लीच्या वर बर्नसॉल आणि खाली वेदरबी.